पेपरमिंटचा वास आणि छपरावरचा माणूस

न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. सांडपाण्याचे जुने बिडाचे पाइप काढून नवे बसवले होते आणि टेस्टिंगचा दिवस होता. आमचा फोरमन सत्तरीला टेकलेला, तिसऱ्या पिढीतला प्लंबर. पाइपात पाणी भरून आम्ही सगळे घड्याळाकडे बघत बसलो होतो. पंधरा मिनिटं पाणी जागचं हलायला नको. तेवढ्यात तो म्हणाला, "माझ्या आजोबांच्या वेळी हे काम नाकाने करायचे. पेपरमिंटने."

मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. संध्याकाळी घरी येऊन प्लंबिंगच्या नियमांचं पुस्तक उघडलं, तर थट्टा वगैरे काही नव्हती. चक्क नियमात लिहिलेलं! प्रत्येक उभ्या पाइपामागे दोन औंस, म्हणजे साधारण साठ मिलिलिटर पेपरमिंटचं तेल छपरावरच्या तोंडातून ओतायचं, त्यावर दहा क्वार्ट (साडेनऊ लिटर) गरम पाणी ओतायचं आणि तोंड बंद करायचं. मग घरात फिरून हुंगायचं. जिथे वास येईल तिथे गळती. खाली ट्रॅपमध्ये पाणी असतं, त्यामुळे पाइप धड असेल तर घरात वास यायचं काही कारणच नाही.

यातली गंमत वेगळीच आहे. ज्याने तेल ओतलं त्याने टेस्ट संपेपर्यंत छपरावरून खाली यायचं नाही! त्याच्या हातांना, कपड्यांना इतका वास लागलेला असतो की तो जिन्यात आला की संपलं, सगळं घर 'गळायला' लागतं. म्हणजे या कामाला माणसं दोन. एक वर थंडीत कुडकुडत बसणार आणि दुसरा खाली नाक वर करून खोल्याखोल्यांतून हिंडणार. आणखी एक अडचण अशी की नाक फार लवकर सरावतं. एकदा वास भरला की तो कुठून आला हे त्याच नाकाला सांगता येत नाही. गळती आहे हे कळतं, कुठे आहे ते कळत नाही. म्हणून पुढे धुराची टेस्ट जास्त चालायला लागली. तेलकट चिंध्या जाळायच्या, भात्याने धूर पाइपात सोडायचा, छपरावरच्या तोंडातून धूर बाहेर यायला लागला की ते तोंड बंद करायचं आणि दाब धरून ठेवायचा. धूर निदान डोळ्यांना दिसतो.

पण हा उपद्व्याप सुरू कशासाठी झाला? त्यासाठी इंग्लंडला जावं लागतं.

१८७१ सालच्या शरद ऋतूत राणी व्हिक्टोरियाचा मोठा मुलगा, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, स्कारबरोला लाँड्सबरो लॉज नावाच्या एका उमरावाच्या घरी पाहुणा म्हणून गेला होता. परत आल्यावर त्याला विषमज्वर झाला, म्हणजे आपला टायफॉइड. त्याच घरी उतरलेला चेस्टरफील्डचा अर्ल त्याच तापाने वारला, राजपुत्राचा मोतद्दारही वारला. राजपुत्र महिनाभर मरणाच्या दारात होता. त्याचे वडील प्रिन्स अल्बर्ट बरोबर दहा वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर १८६१ रोजी वारले होते आणि तेव्हा डॉक्टरांनी टायफॉइडच सांगितला होता. सगळा देश १४ डिसेंबरची वाट बघत श्वास रोखून बसला. नेमक्या त्याच सुमाराला ताप उतरायला लागला आणि तो वाचला. २७ फेब्रुवारी १८७२ ला सेंट पॉल्समध्ये मोठी आभाराची प्रार्थना झाली. बोट मात्र दाखवलं गेलं ते लाँड्सबरो लॉजच्या मोऱ्यांकडे.

गरिबांच्या वस्तीत पटकीने माणसं मरत तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळी येत. राजपुत्र अंथरुणाला खिळला तेव्हा मात्र प्रत्येक श्रीमंत माणूस आपल्या घरच्या संडासाकडे संशयाने बघू लागला. खरं तर संशयाला जागा होतीच. घराघरात फ्लशचे संडास नुकते पोचले होते आणि ही नवी चैन बसवणाऱ्यांना तिचं शास्त्र ठाऊक नव्हतं. शिशाचे पाइप उंदीर कुरतडायचे, जमिनीखालच्या मातीच्या पाइपांचे सांधे उघडे राहायचे. लीड्सचे एक शल्यचिकित्सक प्रिजिन टील यांनी १८७८ मध्ये घरातल्या अशा दोषांचं एक सचित्र पुस्तकच काढलं. चित्रात घर मधून कापून दाखवलेलं, आणि मोरीतली हवा कुठून कुठे शिरते ते काढलेलं. ही चित्रं आजही बघण्यासारखी आहेत. आपल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला भेट द्यावीत अशी.

पण मला या सगळ्यात सर्वात आवडलेला माणूस म्हणजे फ्लीमिंग जेनकिन. हा एडिंबरा विद्यापीठातला इंजिनियरिंगचा प्राध्यापक. मूळचा समुद्राखालच्या तारांचा इंजिनियर, विल्यम थॉमसन (म्हणजे लॉर्ड केल्व्हिन) यांचा भागीदार. डार्विनच्या सिद्धांतावर १८६७ मध्ये याने लिहिलेली टीका खुद्द डार्विनला अस्वस्थ करून गेली होती, यावरून डोकं किती चौफेर चालायचं ते कळेल. आता समुद्राखालच्या तारेचं दुखणं काय? वरचं आवरण कुठेतरी खराब होतं आणि वीज पाण्यात 'गळते'. तार मैलोगणती लांब, समुद्राच्या तळाशी, डोळ्यांना दिसत नाही. टोकाला बसून मोजमाप करायचं आणि दोष शोधायचा. ज्या माणसाने हा धंदा केला त्याला भिंतीत गाडलेल्या पाइपाचं काय कौतुक? दिसत नाही ना, मग तपासा!

जेनकिनने १८७८ मध्ये एडिंबरामध्ये एक संस्था काढली. सभासदांनी वार्षिक वर्गणी भरायची, संस्थेच्या इंजिनियरने दरवर्षी घरी येऊन मोऱ्या तपासायच्या आणि लेखी अहवाल द्यायचा. यातली मेख माझ्या मते अशी की तपासणारा वेगळा आणि दुरुस्ती करणारा वेगळा. प्लंबरलाच विचारलं की काम कसं झालंय, तर तो काय सांगणार? जेनकिनच्या माणसाला पाइप विकायचे नव्हते, त्यामुळे त्याला खरं बोलणं परवडत होतं. आज घर विकत घेताना अमेरिकेत तटस्थ इन्स्पेक्टर बोलावतात, त्याचीच ही जुनी आवृत्ती म्हणा ना.

आता यातली मोठी विसंगती सांगतो. ही सगळी मंडळी चुकीच्या समजुतीवर चालली होती. मोरीतल्या दुर्गंधीनेच, 'खराब हवे'नेच टायफॉइड होतो अशी त्यांची पक्की खात्री. जॉन स्नोने १८५४ मध्येच पटकी पाण्यातून पसरते हे दाखवलं होतं, विल्यम बडने टायफॉइडबद्दल १८७३ च्या पुस्तकात तेच मांडलं. १८८० मध्ये एबर्टने टायफॉइडचा जंतूही पाहिला. दुर्गंधी ही गुन्हेगार नव्हतीच. पण ज्या फटीतून वास येतो त्याच फटीतून मैलाही झिरपतो, आणि झिरपून विहिरीत किंवा पिण्याच्या टाकीत जातो. त्यामुळे वास बंद करायला गेलेल्यांनी रोगही थोडाफार बंद केला. कारण चुकलं, काम बरोबर झालं.

दर वेळी असं नशीब साथ देत नाही. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला, तेव्हा नगरपालिकेनेही याच समजुतीपायी समुद्राचं पाणी आणि कार्बॉलिक अ‍ॅसिड मोऱ्या-गटारांतून धो धो सोडलं होतं. प्लेग काही त्याने हटला नाही. तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे १८९८ मध्ये सिमाँने दाखवलं. तिथे गटारं धुऊन काय होणार?

अमेरिकेत हे लोण लगेच पोचलं. न्यूयॉर्कमध्ये १८८१ मध्ये कायदा झाला की प्लंबरने नाव नोंदवलंच पाहिजे आणि मोऱ्यांचे नकाशे आरोग्य खात्याला दाखवलेच पाहिजेत. त्याच्या थोडं आधी प्लंबिंगच्याच एका मासिकाने गरिबांसाठी आदर्श चाळीचा आराखडा मागवणारी स्पर्धा ठेवली होती. प्लॉट २५ फूट बाय १०० फूट. १८७९ मध्ये जेम्स वेअरच्या आराखड्याला पहिलं बक्षीस मिळालं, मधे निमुळता आणि दोन्ही टोकांना रुंद, व्यायामाच्या डंबेलसारखा. दोन इमारतींच्या मधल्या बोळातून उजेड आणि वारा येईल अशी कल्पना. प्रत्यक्षात त्या बोळात लोकांनी कचरा टाकला. मुंबईच्या कुठल्याही इमारतीचा डक्ट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे वर्णनाची गरज नाही. १९०१ च्या कायद्याने तशा नव्या चाळी बांधणं बंद झालं.

आणि इतकं सगळं होऊनही १९३३ साल उजाडलंच. शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, देशभरातून लोक येत होते. परत गेलेल्यांना गावोगावी अमांशाने गाठलं. चौदाशेच्या आसपास लोक आजारी पडले, शंभराच्या आसपास मेले. टेक्सस गिनन नावाची प्रसिद्ध नटी नोव्हेंबरमध्ये व्हँकुव्हरला याच रोगाने गेली. तपास घेतला तर धागा दोन हॉटेलांपर्यंत गेला. दोन्हींचा पाणीपुरवठा सामाईक, पाइप जुनेपाने, पिण्याच्या आणि मैल्याच्या पाण्याची गाठ पडेल अशा जोडण्या, आणि थंड पाण्याच्या टाकीवरून जाणारा मैल्याचा गळका पाइप. राहायला आलेल्यांना कुठला वास आला नाही की काही दिसलं नाही. ग्लासातलं पाणी स्वच्छ आणि गार होतं. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमांना जी धार आली, तिच्यात या शंभर माणसांचा मोठा वाटा आहे.

आज आम्ही मुख्यतः पाणी भरूनच टेस्ट करतो. खालची तोंडं रबरी फुग्याने बंद करायची आणि प्रत्येक सांध्यावर निदान दहा फूट उंचीचं पाणी उभं करायचं. उंच इमारत एकदम भरता येत नाही. दहा मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे तीस मजले भरले तर तळाशी नऊ किलो. ते बिचारे पाइप त्यासाठी बनलेलेच नसतात. म्हणून टप्प्याटप्प्याने. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठतं म्हणून हवेनेही करतात, पण प्लास्टिकच्या पाइपात दाबलेली हवा भरू नका असं पाइप बनवणारे कंठशोष करून सांगतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप फुटला तर फार तर अंग भिजतं. हवा स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते, पाइप फुटला की तुकडे गोळीसारखे उडतात. शेवटी भांडी बसवून झाली की धूर, तोही फक्त एक इंच पाण्याच्या दाबाने, कारण ट्रॅपमध्ये पाणी निदान दोन इंच असतं. धुराने तेच उडवून लावलं तर टेस्ट कसली!

हे दोन इंच पाणी किती महत्त्वाचं आहे ते हाँगकाँगने २००३ च्या मार्चमध्ये पाहिलं. अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत सार्सची तीनशेच्या वर माणसांना लागण झाली. बाथरूम पाणी ओतून धुण्याऐवजी फडक्याने पुसायची पद्धत, त्यामुळे जमिनीवरच्या मोरीचे ट्रॅप कोरडे पडलेले, आणि एक्झॉस्ट पंखा लावला की पाइपातली हवा थेट घरात. जेनकिनच्या काळातली 'खराब हवा' सव्वाशे वर्षांनी अशी एकदा खरी ठरली. आपल्याकडच्या नहाणी ट्रॅपमध्ये रोज बादलीभर पाणी पडतं हे आपलं भाग्य.

नहाणी ट्रॅपवरून आमच्या पुण्याच्या घराची आठवण झाली. आमच्या बाथरूमच्या छताला सहा वर्षं ओल होती. वरच्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, गळती आमच्याकडून नाही. बाबांचं म्हणणं, मग काय आभाळातून येते? सोसायटीच्या दोन वार्षिक सभा यावर खर्ची पडल्या आणि दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं. दिवाळीचा फराळसुद्धा थांबला. एका सुट्टीत मी गेलो आणि वर जाऊन काकांना म्हटलं, दोन दिवस मला तुमचं बाथरूम द्या. नहाणी ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास भरून ठेवलं. खाली ओल वाढली नाही. म्हणजे फरशीखालचं वॉटरप्रूफिंग ठीक होतं, आणि काका विजयी मुद्रेने हसले. मग कमोडमध्ये खायचा लाल रंग ओतला आणि फ्लश केलं. आपल्याकडे हे पाइप बुडीत स्लॅबमधल्या विटांच्या भरावात असतात, पाणी आधी तिथे साठतं, त्यामुळे लगेच काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने हाक मारली. छतावर गुलाबी डाग!

काका खाली आले, चष्मा लावून बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या प्लंबर बोलावतो." आईने चहा टाकला.

प्लंबरने फरशी फोडली, सांधा काढला, नवा बसवला आणि लगेच सिमेंट कालवायला घेतलं. मी म्हटलं, "थांबा हो, आधी पाणी भरून बघू." तो म्हणाला, "साहेब, गळलं तर खाली दिसेलच की."

त्याला थांबवून मी पाइपाचं तोंड बंद केलं आणि पाणी भरलं. तासाभराने सांध्याखाली एक थेंब दिसला. पुन्हा काढून बसवला तेव्हा कोरडा राहिला, मग सिमेंट घातलं.