जोडा कोणाच्या मापाचा?

सायकलशर्यतींवर युरोपीय भाषांत विपुल लेखन झाले आहे. त्यात आल्प्स आणि पिरेनीज आहेत, पाऊस, चिखल आणि मोडलेली चाके आहेत, विजेत्यांची चरित्रे आहेत आणि त्यांच्या अपकीर्तीच्या कथाही आहेत. सायकलपटूचे शरीर यंत्राला तीन ठिकाणी टेकते: हाताशी, बैठकीशी आणि पावलाशी. यांपैकी शरीराचे बळ यंत्रात उतरते ते मुख्यतः पावलातून. तरीही त्या वीतभर जागेविषयी, म्हणजे सायकलपटूच्या जोड्याविषयी, या लेखनात फार थोडे सापडते. जे सापडते ते बहुधा जाहिरातीच्या भाषेत असते. आम्हांला मात्र हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एक जुना प्रश्न अगदी उघड्या स्वरूपात समोर येतो. पाऊल आणि जोडा यांचे जमले नाही, तर बदलायचे कोणी?

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नाही. सिंड्रेलाच्या कथेचे शार्ल पेरोने १६९७ साली प्रसिद्ध केलेले काचेच्या जोड्याचे रूप सर्वांच्या ओळखीचे आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहातील जोडा सोन्याचा आहे आणि कथा अधिक क्रूर आहे. तेथे सावत्र बहिणी जोड्यात पाय मावावा म्हणून एक अंगठा कापते, तर दुसरी टाच. राणी झाल्यावर पायी चालावेच लागणार नाही, अशी त्यांची आई समजूत घालते. या कथेत जोडा प्रमाण आहे आणि पाऊल सदोष. कथेतील रक्त बाजूला ठेवले तर युरोपातील पादत्राणांच्या व्यवहारातही दीर्घकाळ हीच दृष्टी होती. उंच टाचांचे जोडे रूढ झाल्यानंतर, साधारणतः सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, डाव्या आणि उजव्या पावलासाठी निराळे जोडे करण्याची रीत तेथे बरीचशी मागे पडली होती. ज्या लाकडी साच्यावर जोडा चढवून शिवतात तो फर्मा सरळ आणि दोन्ही बाजूंनी सारखा असे. त्यावर शिवलेला कोणताही जोडा कोणत्याही पायात जाई, आणि डावे-उजवेपण त्याला वापरानेच येई.

या व्यवहाराला शास्त्राच्या बाजूने आव्हान दिले ते शरीररचनेच्या अभ्यासकांनी. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कांपर याने १७८१ साली उत्तम जोडा कसा असावा यावर एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला. पुढे १८५८ मध्ये झ्युरिकच्या हेरमान फोन मायरने जोड्याच्या योग्य आकारावर पुस्तिका लिहून एक साधी कसोटी मांडली: पायाच्या अंगठ्याची रेषा मागे वाढवली तर ती टाचेच्या मध्यातून गेली पाहिजे. टोकाकडे निमुळता होणारा जोडा ही रेषा मोडतो आणि अंगठ्याला इतर बोटांकडे ढकलतो. मायरची कसोटी आजही कोणत्याही दुकानात लावून पाहता येते, आणि नामवंत कंपन्यांचे अनेक जोडे आजही तिला उतरत नाहीत.

सायकलपटूचा प्रश्न चालणाऱ्याच्या प्रश्नाहून निराळा आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. चालताना पाऊल टाचेपासून चवड्यापर्यंत वळते, म्हणून चालण्याचा जोडा लवचीक हवा. सायकलवर पाऊल वळत नाही. चवडा पेडलवर टेकलेला राहतो आणि भार पुन्हा पुन्हा त्याच जागी पडतो. मिनिटाला ९० फेरे या गतीने पाच तासांच्या प्रवासात प्रत्येक पाऊल २७,००० वेळा खाली दाबले जाते. तळ मऊ असेल तर पेडलची कड तळव्यात रुतते आणि बळही वाया जाते. म्हणून शर्यतीच्या सायकलचा जोडा ताठ तळाचा हवा. तो चालण्यासाठी नाहीच. ग्रिमच्या कथेतील आईचा सल्ला ज्याला शब्दशः लागू पडावा असे हे पादत्राण आहे. ताठपणा आणि सुख ही येथे परस्परविरोधी नाहीत. परंतु ताठ वस्तू चुकीच्या मापाची असेल तर ती मऊ वस्तूहून कितीतरी अधिक दुखावते.

विसाव्या शतकाचा बराच मोठा काळ हा जोडा चामड्याचा होता. काळे, भोके पाडलेले, नाडीने बांधायचे हलके बूट, चामड्याचा तळ आणि त्याखाली खिळ्यांनी ठोकलेली खाचेची पट्टी. तिलाच क्लीट म्हणतात. ही खाच पेडलच्या कडेवर बसे. पुढून पोलादी टो-क्लिप बोटांना वेढून असे आणि तिच्यातून ओवलेली चामडी वादी पावलावरून आवळली जाई. या बंधनांना विजेत्यांचीच नावे मिळाली, ही गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते. १९१९ साली तूर द फ्रान्समधील पहिला पिवळा अंगरखा घालणारा युजेन ख्रिस्तोफ टो-क्लिपांवरील नावाने पिढ्यान्‌पिढ्या सायकलस्वारांना ठाऊक राहिला, तर इटलीचा आल्फ्रेदो बिंदा वाद्यांवरील नावाने.

वादी सैल ठेवली तर चढावर पाऊल निसटे. आवळली तर रक्तप्रवाह अडून बोटे बधिर होत. थांबण्यापूर्वी हात खाली नेऊन बक्कल सैल करावे लागे, आणि विसर पडला तर भर चौकात आडवे व्हावे लागे. पण या व्यवस्थेत एक शहाणपणही होते. नवा जोडा घेतल्यावर क्लीट लगेच ठोकत नसत. काही दिवस तसेच सायकल चालवत. पेडलच्या धातूची कड चामड्याच्या तळावर रेघ उमटवी, आणि त्या रेघेला धरून क्लीट ठोकली जाई. कोणाचे पाऊल बाहेर वळलेले, कोणाचे आत. ते कोणी मोजत नसे, पाऊल स्वतःच ते लिहून ठेवी. वरचे चामडेही घामाने, पावसाने आणि काळाने पावलाचा आकार घेई. मराठीत आपण नवी वहाण चावते असे म्हणतो, आणि पुढे ती पायात रुळते असेही म्हणतो. चावण्यापासून रुळण्यापर्यंतचा हा काळ म्हणजे जोडा आणि पाऊल यांच्यातील दीर्घ वाटाघाट होती. दोघेही थोडे थोडे बदलत. सुरुवातीच्या वेदनेची किंमत पाऊल देई, हे खरे. पण चामडेही हट्ट सोडी.

ही वाटाघाट १९८० च्या दशकात मोडली. स्कीच्या बंधनांसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्समधील लूक या कंपनीने तेच तत्त्व सायकलला लावले आणि १९८४ मध्ये असे पेडल आणले की, जोडा दाबताच अडकतो आणि टाच बाहेर वळवताच सुटतो. १९८५ साली बर्नार इनोने हेच पेडल वापरून आपली पाचवी तूर जिंकली. टो-क्लिप नाही म्हणून या पेडलला क्लिपलेस म्हणतात. जोडा मात्र त्यात पूर्वीपेक्षा अधिक पक्का अडकतो. इनोची कारकीर्द गुडघ्याच्या दुखण्याने दोनदा खंडित झाली होती. १९८० मध्ये पिवळा अंगरखा अंगावर असताना पो येथे त्याने तूर सोडली, आणि १९८३ मध्ये त्याला तूरमध्ये उतरताच आले नाही. त्या दुखण्याचे खापर जोड्यावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. पण गुडघा आणि पाऊल यांचा संबंध सायकलपटूंच्या चर्चेत किती निकडीचा होता, हे यावरून कळते.

कारण नव्या पेडलने वादीपासून सुटका केली तरी एक नवे बंधन आणले. वादीत आवळलेले पाऊलही किंचित हलू शके. सुरुवातीच्या लूक क्लीटमध्ये तेवढीही मुभा नव्हती. जो कोन बसवला त्याच कोनात पाऊल हजारो फेरे फिरणार, आणि तो कोन पावलाचा नैसर्गिक कोन नसेल तर त्याची पीळ गुडघ्यावर जाणार. तळ आता प्लास्टिकचा होता आणि क्लीट स्क्रूने बसे. रेघ उमटवायला चामडे उरले नव्हते. गुडघ्याच्या तक्रारींनंतर टाइम या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने पावलाला आडवे हलण्याची मोकळीक देणारे पेडल आणले. लूकनेही तोच मार्ग धरला. तिच्या काळ्या क्लीटमध्ये पाऊल स्थिर राहते, तर लाल क्लीटमध्ये त्याला ९ अंशांची मोकळीक मिळते. चामड्याने न मागता दिलेली सवलत यंत्राला अशी हिशेबाने परत द्यावी लागली.

याच काळात जोड्याचे शरीरही बदलले. इटलीच्या व्हेनेतो प्रांतातील माँतेबेल्लूना हे गाव पर्वतारोहणाच्या आणि स्कीच्या बुटांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच परिसरात दीनो सिन्योरी यांनी १९६० साली सिदी ही कंपनी काढली, आणि शेजारच्या गाएर्नेसारख्या कंपन्यांसह हा प्रदेश सायकलच्या जोड्यांचेही माहेरघर झाला. चामड्याच्या जागी कृत्रिम वेष्टन आले, नाडीच्या जागी वेल्क्रो आणि खाचेची बक्कले आली. २००१ साली अमेरिकेत आधी स्नोबोर्डच्या बुटांसाठी निघालेली बोआची तारेची चकती पुढे सायकलच्या जोड्यांवरही बसली. तळासाठी कार्बन तंतू आला. तो अतिशय हलका आणि ताठ असतो, आणि वर्षानुवर्षे वापरूनही पावलाचा आकार घेत नाही. या वस्तूला रुळणे ठाऊक नाही. पहिल्या दिवशी ती जिथे चावते तिथेच बहुधा शेवटच्या दिवशीही चावते.

या बदलाचा खरा अर्थ आमच्या मते असा आहे: जुळवून घेण्याचे जे काम पूर्वी वापराच्या काळात होत असे, ते आता खरेदीच्या क्षणावर येऊन पडले. रुळण्याची जागा निवडण्याने घेतली. आणि निवडीसाठी आपल्या हाती काय असते? एक आकडा. हा आकडाही एकमताचा नाही. इंग्रजी मापात एका अंकाचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचा. तर युरोपीय मापात दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटरचा. दोन्ही आकडे लांबीच तेवढी सांगतात. पावलाची रुंदी, वरच्या बाजूची उंची आणि टाचेचा घेर यांविषयी ते मौन पाळतात. अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात दुकानांसाठी जे मापनयंत्र केले, त्यात टाचेपासून बोटांपर्यंतच्या लांबीबरोबरच टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी आणि रुंदीही मोजली जाते. सायकलपटूला यांतील दुसरे माप विशेष मोलाचे आहे, कारण त्याचा सारा भार चवड्यावर असतो. दोन माणसांची पावले सारख्या लांबीची असूनही एकाची बोटे लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात. क्लीट मात्र दोघांनाही चवड्याच्या हिशेबानेच बसवावी लागते.

अरुंद जोड्याचा परिणाम तात्कालिक नसतो. चवड्याच्या हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा दाबल्या गेल्या की आधी जळजळ होते, मग बधिरता येते. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद टॉमस मॉर्टन यांनी १८७६ साली चवड्याच्या या वेदनेचे वर्णन केले आणि आज तिला त्यांचेच नाव आहे. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास ती नस जाड होते आणि प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते. जोडा घट्ट म्हणजे बळ अधिक, ही सायकलपटूंमधील जुनी समजूत म्हणूनच महाग पडते.

मग सुखाचा जोडा शोधावा कसा? वरील इतिहासातूनच त्याचे नियम निघतात. माप उभे राहून, दोन्ही पावलांचे आणि शक्यतो संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगते आणि उन्हातील लांब पल्ल्यात त्याहून अधिक फुगते. मोठ्या पावलाला प्रमाण मानावे. जोड्यातील सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पाऊल कडेबाहेर जात असेल तर तो फर्मा आपला नाही. टाच उचलली जाऊ नये, मधला भाग सर्व बाजूंनी सारखा धरला जावा, बोटे मात्र हलली पाहिजेत. आवळूनच जो पायात राहतो तो जोडा मोठा आहे, आणि सैल केल्यावरच जो सोसवतो तो अरुंद आहे. रुंदी कमी पडली म्हणून लांबीचा पुढचा अंक घेणे हा उपाय नव्हे. त्याने चवडा चुकीच्या जागी येतो. सिदी, शिमानो आणि इतर काही कंपन्या काही जोड्यांची रुंद आवृत्तीही काढतात. ऑस्ट्रेलियाच्या बाँटचे जोडे तर उष्णतेने मऊ करून पावलावर बसवता येतात. चामडे महिनोन्‌महिने जे करी ते येथे काही मिनिटांत करण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्याकडील वाचकांसाठी यात आणखी एक पदर आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातील नेहमी अनवाणी चालणाऱ्यांच्या पावलांची तुलना बूट वापरणाऱ्या पावलांशी केली होती. बूट वापरणाऱ्या युरोपीय पावलांच्या तुलनेत अनवाणी पावले पुढच्या बाजूस रुंद आढळली. ज्यांचे बालपण अनवाणी किंवा चपलांत गेले, त्यांना इटलीच्या फर्म्यावर घडलेला जोडा अरुंद वाटला तर त्यात नवल नाही. तो पावलाचा दोष तर मुळीच नाही.

२०१३ साली जिरो या अमेरिकी कंपनीने कार्बनच्या ताठ तळावर पुन्हा नाडीचा जोडा आणला आणि तो व्यावसायिक शर्यतींतही दिसला. नाडी प्रत्येक छिद्राशी वेगळी सैल वा घट्ट करता येते, ही तिची जुनी गुणवत्ता नव्याने ध्यानात आली. इटलीत १९९७ पासून भरणाऱ्या लेरोइका या जुन्या सायकलींच्या फेरीत आजही लोक टो-क्लिपा आणि वाद्या वापरतात. पण त्यामागे स्मरणरंजन अधिक. नाडीच्या पुनरागमनामागे मात्र विचार आहे. वस्तू जितकी कठोर होत जाते, तितकी तिच्यात माणसासाठी मोकळी जागा जाणीवपूर्वक ठेवावी लागते. लाल क्लीटच्या ९ अंशांत ती होती, नाडीच्या छिद्रांत ती आहे. चामड्याच्या काळात ही जागा आपोआप मिळे. आता ती मोजून आणि मागून घ्यावी लागते, आणि मागणाऱ्याला आपले पाऊल नीट ठाऊक असावे लागते.