मेचनिकॉव्ह, दही आणि ‘निरुपयोगी’ मोठे आतडे

१/ १९०४ साली पॅरिसमध्ये ‘वार्धक्य’ या विषयावर एक जाहीर व्याख्यान झाले. वक्ते होते पाश्चर इन्स्टिट्यूटचे इल्या मेचनिकॉव्ह. अकाली म्हातारपणाचे मूळ मोठ्या आतड्यातील जिवाणूंत आहे, असे सांगून त्यांनी उपाय म्हणून आंबवलेल्या दुधाकडे लक्ष वेधले. पाहता पाहता युरोपात दह्याला औषधाची प्रतिष्ठा मिळाली. एका योग्य प्रश्नाला घाईने दिलेल्या उत्तराचा हा इतिहास.

२/ मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ मधला, खारकिव्हजवळचा. तेव्हाचे रशियन साम्राज्य, आजचे युक्रेन. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी जमलेल्या दिसल्या. परक्या कणांना गिळणाऱ्या या भक्षक पेशींवरील संशोधनाला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉल एर्लिख सहमानकरी होते.

३/ मृत्यूचा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ तात्त्विक नव्हता. पहिली पत्नी ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा त्यांनी स्वतःचे जीवनही संपवू पाहिले होते. उत्तरायुष्यात मात्र ते विज्ञानावर भिस्त ठेवणारे आशावादी झाले. वार्धक्याच्या अभ्यासाला ‘जेराँटॉलॉजी’ हे नाव त्यांनीच दिले.

४/ त्यांचा तर्क असा: मोठ्या आतड्यात अन्नाचे अवशेष दीर्घकाळ साचतात. तेथील जिवाणू प्रथिने कुजवतात आणि त्यातून निघणारी विषे रक्तात मिसळतात. शरीर क्षीण होते आणि भक्षक पेशी स्वकीयांवरच उलटतात. म्हणजे मोठे आतडे हा उत्क्रांतीने मागे ठेवलेला, आता निरुपयोगी, किंबहुना घातक अवयव. आतड्यातून होणाऱ्या ‘स्वविषबाधे’ची कल्पना फ्रेंच वैद्यकात आधीपासून रुजलेली होती, मेचनिकॉव्ह यांनी तिला वार्धक्याशी जोडले.

५/ उपाय साधा होता. विरजलेले दूध कुजत नाही, कारण त्यातील लॅक्टिक आम्ल कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाही. मग आतड्यातही तेच का घडू नये? १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हात बल्गेरियन दह्यातील जिवाणू ओळखला. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी हा मेचनिकॉव्ह यांचा आवडता दाखला. ते स्वतःही नित्य आंबट दूध घेत.

६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. खेड्यातील वृद्धाने सांगितलेले वय तपासायचे कशावरून? आणि ते खरे धरले, तरी दीर्घायुष्याचे श्रेय दह्याचे, कष्टाचे की हवेचे? दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढाच तो पुरावा होता.

७/ या तर्काची किंमत इतरांनी मोजली. लंडनचे ख्यातनाम शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन ‘स्वविषबाधा’ टाळण्यासाठी रुग्णांचे मोठे आतडे कापून काढू लागले. अनेकांचा मूळ विकार बद्धकोष्ठतेपलीकडचा नव्हता. त्यांतील काही शस्त्रक्रियेतून वाचले नाहीत.

८/ उलट पुरावाही जमत गेला. १९१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर अल्वारेझ यांनी दाखवून दिले की, बद्धकोष्ठतेची डोकेदुखी, सुस्ती ही लक्षणे पोट साफ होताच जातात. विष इतक्या झटपट उतरत नाही. म्हणून कारण विष नसून फुगलेल्या आतड्याचा ताण असावा. येल विद्यापीठात लिओ रेटगर यांना आढळले की, बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही.

९/ विशेष म्हणजे दुसरी वाट पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच उघडली होती. १९०० च्या सुमारास हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांच्या विष्ठेत बायफिडो जिवाणू विपुल आढळले. म्हणजे आतड्यातील सगळेच रहिवासी शत्रू नव्हते.

१०/ आज मोठे आतडे निरुपयोगी मानले जात नाही. तेथील जिवाणू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यांवर पोसतात. २०१६ च्या एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी.

११/ २०१३ मध्ये नेदरलँड्समधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’च्या वारंवार उलटणाऱ्या संसर्गावर निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णांच्या आतड्यात सोडले. १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच उपचारात बरे झाले. केवळ प्रतिजैविक घेतलेल्या १३ पैकी ४. लेन जे आतडे जिवाणूंसकट काढून टाकत होते, त्यातच वैद्यक आता जिवाणू पेरत आहे.

१२/ मेचनिकॉव्ह १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने निवर्तले. आतड्यातील जिवाणू आरोग्य घडवतात-बिघडवतात, हा त्यांचा प्रश्न टिकला. त्यांचे उत्तर टिकले नाही. आज ‘पोटाचे जिवाणू सुधारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीसमोर तोच जुना प्रश्न विचारावा: पुरावा कोणता, आणि तो तपासला कोणी?