‘सायमन परत जा’ आणि सिन्नरची परिषद

सिन्नरमध्ये अभ्यासवर्ग घेताना एक प्रश्न आम्हाला हमखास येतो, बहुधा कॉलेजात नुकताच वाद घालून आलेल्या पोराकडून. सारा देश ‘सायमन परत जा’ म्हणत असताना बाबासाहेब सायमनपुढे साक्षीला का गेले?

यातला ‘सारा देश’ हा शब्द आधी तपासू. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी कमिशन मुंबईत उतरले. सातही सभासद इंग्रज. हिंदुस्थानला किती लोकशाही पेलवेल हे ठरवायला एकही हिंदी माणूस नाही! हा अपमान होता आणि काँग्रेसचा संताप खोटा नव्हता. पण पाणवठ्यावर ज्याला कोणी ‘आपला’ म्हणत नव्हते, त्याने राष्ट्राच्या मानासाठी स्वतःचे गाऱ्हाणे गिळावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने केली? बहिष्कृत हितकारिणी सभेने निवेदन दिले. २३ ऑक्टोबरला पुण्यात बाबासाहेबांची साक्ष झाली. मागणी होती प्रौढ मताधिकार आणि राखीव जागांची. त्याच वर्षी नेहरू रिपोर्टनेही प्रौढ मताधिकार मागितला होता, हेही आपण सांगितले पाहिजे. तो दिला नाही इंग्रजांनी. १९३५ च्या कायद्यातही मिळकत आणि शिक्षणाच्या अटी राहिल्याच.

म्हणजे साहेब लोकशाही वाटायला बसला आहे, असा भ्रम बाबासाहेबांना नव्हता. इंग्रजी राज्याने अस्पृश्यतेला हात लावला नाही, हे १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी लंडनमध्येच सुनावले.

आणि आपल्या गावचा पुरावा तर हाताशी आहे. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले. विरोधकांना ‘सरकारधार्जिणा’ म्हणायला आयतेच निमित्त. पुढच्याच महिन्यात, १६ ऑगस्टला, सिन्नरला परिषद भरली आणि महार वतनावर लादलेला जादा कर भरायचा नाही, असा लढा बाबासाहेबांनी उभारला. काँग्रेस मंत्रिमंडळ १९३९ लाच राजीनामा देऊन गेले होते. मुंबई इलाख्यात कारभार होता थेट इंग्रज गव्हर्नरचा. लढा त्याच्याच तिजोरीशी होता. सिन्नरच्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

२००१ मध्ये डर्बनला, संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत, दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न नेला तेव्हा जुनाच सूर पुन्हा लागला. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे भारत सरकारचे म्हणणे. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरचा अन्याय १९४६ मध्ये भारतानेच संयुक्त राष्ट्रांत नेला होता. ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न’ हे उत्तर तेव्हा गोऱ्या आफ्रिकन सरकारचे होते.