तरफेची रायफल : निवड, नकार आणि दंतकथा

एखाद्या शस्त्राची कीर्ती आणि त्याची प्रत्यक्ष कामगिरी ही दोन्ही सारख्याच प्रमाणात असतात असे नाही. अमेरिकेतील तरफेची रायफल हे याचे बोधप्रद उदाहरण होय. विसाव्या शतकातील जाहिरातींनी १८७३ सालच्या विंचेस्टर रायफलीला ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ ही पदवी बहाल केली आणि १९५० सालच्या ‘विंचेस्टर ७३’ या चित्रपटाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. परंतु ही रायफल कोणी स्वीकारली, कोणी नाकारली आणि कोणत्या कारणांनी, याचा शोध घेतला असता या पदवीत इतिहासापेक्षा व्यापाराचा भाग अधिक असल्याचे दिसून येते.

या रायफलीचा उगम १८४९ मधील वॉल्टर हंट याच्या पेटंटात सापडतो. हंटची योजना फसली; परंतु होरेस स्मिथ व डॅनियल वेसन यांनी तिच्यात सुधारणा केल्या, आणि तो धंदा पुढे न्यू हेवन येथील सदऱ्यांचा कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर याच्या ताब्यात आला. त्याच्याकडील कारागीर बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये जिचे पेटंट घेतले ती रायफल या परंपरेतील पहिली यशस्वी रायफल होय. चापाभोवतीची तरफ एकदा खाली-वर केली की रिकामे पुंगळे बाहेर पडे, घोडा ताणला जाई आणि नळीखालच्या कोठीतील नवे काडतूस जागेवर येई. कोठीत १६ काडतुसे मावत. मात्र ती पुढच्या टोकाकडून भरावी लागत आणि कोठीच्या उघड्या खाचेत धूळ शिरे. १८६६ च्या नमुन्यात नेल्सन किंग याने बाजूने काडतूस भरण्याचे दार बसवून हे दोन्ही दोष दूर केले. १८७३ च्या नमुन्यात पितळी वर्णाच्या मिश्रधातूच्या जागी लोखंडी सांगाडा आणि अधिक जोरदार काडतूस आले.

तरीही अमेरिकन सैन्याने १८७३ मध्येच एकबारी स्प्रिंगफील्ड रायफल पसंत केली. या निर्णयास केवळ जुनाट वृत्तीचे फळ मानणे योग्य नव्हे. स्प्रिंगफील्डच्या काडतुसात ७० ग्रेन दारू व ४०५ ग्रेनची गोळी असे. विंचेस्टरच्या काडतुसात हेच प्रमाण ४० व २०० ग्रेन होते. विंचेस्टरचा खटका कोपरासारख्या सांध्याने बंद होई आणि त्या सांध्यास मोठ्या काडतुसाचा दाब पेलण्याजोगा नव्हता. म्हणजे लांब पल्ला की जलद मारा, यांतून एकाची निवड करणे भाग होते. मोकळ्या मैदानाचा विचार करणाऱ्या सैन्याने पल्ला निवडला.

या निवडीची कसोटी दोन रणांगणांवर लागली. १८७७ मध्ये प्लेव्हना येथे उस्मान पाशाच्या तुर्की सैन्याने दूरवर मारा करण्यासाठी एकबारी पीबॉडी-मार्टिनी रायफली वापरल्या, आणि शत्रू खंदकांजवळ येताच १८६६ च्या विंचेस्टर हाती घेतल्या. रशियनांची अपरिमित हानी झाली. तिचे श्रेय एकट्या विंचेस्टरला देता येत नाही. खंदकांची रचना आणि लांब पल्ल्याचा मारा यांचा वाटाही मोठा होता. पुढील दशकात युरोपीय सैन्यांनी अनेकबारी रायफली स्वीकारल्या. पण १८८४ ची माउझर असो वा १८८६ ची लेबेल, दोहोंतही नळीखालची कोठी आली, तरफ मात्र आली नाही. जमिनीवर पालथे पडून गोळी झाडणाऱ्या शिपायास खाली झुकणारी तरफ अडचणीची होते आणि सरकत्या खटक्याचे बंधन अधिक मजबूत असते.

दुसरे रणांगण लिटल बिगहॉर्नचे. २५ जून १८७६ रोजी तेथे लाकोटा व शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या थेट हुकमतीखालील सुमारे २१० जणांचा निःपात केला. १९८३ मध्ये वणव्याने गवत जळून गेल्यावर १९८४ व १९८५ साली तेथे पद्धतशीर उत्खनन झाले. पुंगळ्यांवरील आघाताच्या खुणा ताडून पाहता एकेका बंदुकीचा मैदानावरील प्रवास रेखाटता आला. योद्ध्यांच्या बाजूला हेन्री व विंचेस्टर रायफली लक्षणीय संख्येने होत्या हे त्यावरून सिद्ध झाले. जुन्या ठासणीच्या बंदुका आणि धनुष्यबाणही त्यांच्याजवळ होतेच. खाचखळग्यांच्या भूमीत अंतर कमी झाल्यावर स्प्रिंगफील्डच्या लांब पल्ल्याचा उपयोग उरला नाही. पुंगळे अडकल्याने घोडदळ हरले, हा जुना समज मात्र या पुराव्याने बराच दुबळा ठरला. कारण तशा खुणा थोड्याच पुंगळ्यांवर आढळल्या. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, तरफेच्या रायफलीचा सर्वांत परिणामकारक वापर ज्यांनी केला, त्यांचीच भूमी पुढे ‘जिंकली’ गेली. जाहिरातीच्या वाक्यात त्यांना स्थान नाही.

कारखान्याचे क्रमांकही दंतकथेस अनुकूल नाहीत. १८७३ च्या नमुन्याच्या एकंदर सुमारे ७,२०,००० रायफली तयार झाल्या. पैकी १८७६ अखेर जेमतेम २३,००० तयार झाल्या होत्या. १८९० च्या जनगणनेने सरहद्द संपल्याचे नोंदविले, तेव्हा एकूण उत्पादनाचा सुमारे अर्धा भाग अद्याप व्हावयाचा होता. अर्थात या रायफलीचा खरा ग्राहक विजेता नसून त्याच्यामागून स्थिरावलेला शेतकरी, गुराखी व शिकारी होता. १८७८ पासून कोल्ट पिस्तुलातही तेच काडतूस चालू लागल्याने त्याची सोय झाली.

तांत्रिकदृष्ट्या पाहता श्रेष्ठ नमुने यानंतरचे आहेत. जॉन ब्राउनिंगने १८८६ मध्ये कोपरसांध्याऐवजी उभे अडसर योजिले आणि सैन्याचे जड काडतूसही तरफेच्या रायफलीत सुरक्षितपणे वापरता येऊ लागले. त्याच्याच १८९४ च्या नमुन्यास पुढील वर्षी धूरविरहित दारूचे काडतूस लाभले. एकामागे एक काडतुसे असलेल्या कोठीत टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळण्याचा धोका असतो. ब्राउनिंगच्या १८९५ च्या नमुन्याने पेटीवजा कोठीने, तर आर्थर सॅव्हेजच्या १८९९ च्या नमुन्याने फिरत्या कोठीने तो टाळला. पहिल्या महायुद्धात रशियाने १८९५ च्या सुमारे तीन लाख रायफलींची मागणी केली, हे सैनिकी नकारास अपवाद म्हणून नोंदविण्याजोगे आहे.

आजचा संग्राहक मात्र निराळ्या निकषांनी निवड करतो. १८७५ पासून कंपनीने अचूक नळीच्या निवडक रायफली ‘हजारांत एक’ या नावाने १०० डॉलरांस विकल्या. १८७३ च्या नमुन्यात त्या दीडशेच्याही आत असल्याने त्यांस आज असाधारण मोल आहे. १९६४ मध्ये उत्पादनखर्च घटविण्यासाठी घडणीत बदल झाले, म्हणून त्यापूर्वीच्या रायफलींना अधिक मान मिळतो. हे निकष विरळतेचे व कारागिरीचे आहेत आणि त्या मर्यादेत ते योग्यही आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र घासलेला दस्ता व झिजलेली तरफ असलेली सामान्य रायफलच अधिक बोलकी वाटेल. कारण विरळ वस्तूवरून कारखान्याची महत्त्वाकांक्षा कळते. वापरलेल्या वस्तूवरून, तिची निवड करणाऱ्या माणसाची गरज कळते.