तरोटा: तण, औषध की भाजी?



परवा जुन्या शहरात एक बाई तरोट्याच्या कोवळ्या पाल्याचे वाटे लावून बसली होती. सोबतच्या कॉलेजच्या पोरानं विचारलं, "हे गवत कोण घेते?"

त्याचं काय चुकलं? शेतकीच्या पुस्तकात तरोटा तणातच मोडतो. आयुर्वेदात तोच चक्रमर्द, त्याचं बी त्वचेच्या रोगांवर सांगितलेलं. अन् माझ्या आजीसाठी ती पाऊस पडल्यावरची पहिली भाजी. झाड एकच, ओळखी तीन. यातली तिसरी ओळख आपण पुसत चाललो आहोत, म्हणून हे लिहितो.

आपल्या अकोल्यात १९६९ साली कृषी विद्यापीठ झालं, पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. तिथं नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. औषधी झाडं ओळखायला, लावायला शिकायची हक्काची जागा. अकोलेकरांनी पोरांना घेऊन एकदा तरी जावं. पण पाटीवर झाडाचं नाव आणि उपयोग लिहिता येतो; तो उपयोग पहिल्यांदा कोणी शोधला, हे लिहिलं जात नाही.

आपल्या उत्तरेला मेळघाट. तिथले कोरकू कोदो, कुटकी, सावा पिकवत आले, रानातला पाला, कंद, मोहफुलं खात आले. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. कोणता कंद कधी खणायचा, किती उकळायचा, हे सगळं त्या भाषेत साठवलेलं.

मग काय झालं? १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१ ते १८६५) कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, काळी जमीन कापसाखाली गेली. इंग्रजांच्या वन कायद्यांनी राखीव जंगलात पाला तोडायलाही सरकारची परवानगी लागू लागली. १९७० च्या दशकात व्याघ्र प्रकल्प आला, आणि २००० नंतर मेळघाटातली काही गावं उठून खाली अकोट, तेल्हाऱ्याकडे आली. माणसं आली, रान मागं राहिलं. इकडे सोयाबीनमध्ये तणनाशक फवारलं की तणासोबत भाजीही जळते.

गंमत पाहा, ज्या कोदो-कुटकीला आपण गरिबाचं धान्य म्हणत होतो, त्या भरडधान्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे अख्खं वर्ष साजरं केलं!

वाट दाखवणारे आपल्याच राज्यात आहेत. आपलं अकोला नाही, नगरकडचं अकोले. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. तिथं शिकवणारी बाई स्वतः जाणकार आहे. खरी फरकाची गोष्ट तीच.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, महापालिकेत लोकांची जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच: त्या वहीत झाडासोबत ते ओळखणाऱ्या बाईचं नाव लिहा, तिला विचारून. आणि वनौषधीच्या बागेत वर्षातून चार दिवस तरी कोरकू आजीला शिकवायला बोलवा. पाहुणी म्हणून नाही, मास्तरीण म्हणून, मानधन देऊन.

आपल्या घरी आजी असेल तर आज संध्याकाळीच विचारा, पावसाळ्यात कोणकोणत्या भाज्या खायच्या ते. लिहून ठेवा. उद्यावर ढकलू नका बाप्पा.