भागाकारातला रविवार

वर्षाचा पगार ३,१२,००० रुपये. बाराने भागले की महिन्याचे २६,००० येतात, इथवर कुणाचा वाद नाही. वाद होतो तो महिन्यावरून दिवसाचा पगार काढताना. २६ ने भागले तर दिवसाचे हजार, आठ तासांच्या पाळीत तासाचे १२५ आणि दुप्पट दराने जादा तासाचे २५० रुपये पडतात. ३० ने भागले तर तोच जादा तास २१६ रुपये ६७ पैशांवर येतो. तासामागे तेहेतीस रुपये जातात. या २६ च्या आकड्यामागे मुंबईच्या गिरणगावाची मोठी लढाई आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या गिरण्यांत ‘जादा तास’ अशी गोष्टच नव्हती, कारण मोठ्या माणसाच्या कामाला तासांची हद्दच नव्हती. उजाडले की गिरणी सुरू, मावळले की बंद. मुंबईत डिसेंबरातला दिवस सुमारे अकरा तासांचा, जूनमधला सव्वातेरा तासांचा. महिन्यावर असलेल्या कामगाराचा पगार मात्र तोच, म्हणजे उन्हाळ्यात त्याचा तास स्वस्त होई. पुढे विजेचे दिवे आले आणि काही गिरण्यांत दिवस चौदा तासांवर गेला. रविवारसुद्धा आपला नसे. त्या दिवशी अनेकदा यंत्रांच्या सफाईला बोलावत.

सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली. त्यातून साडेपाच हजार कामगारांचे निवेदन उभे राहिले. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारसाठी सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी तो मान्य केला, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी देशभरच्या कारखान्यांना लागू झाली.

३६५ दिवसांतून ५२ रविवार वजा करा, उरलेल्या ३१३ ला बाराने भागा. उत्तर २६ आणि वर किंचित.

गिरणीत गैरहजेरीला खाडा म्हणत आणि ‘डबल खाडा’ हा शब्द ऐकून पोटात गोळा येई: एक दिवस चुकला की दोन दिवसांचा पगार कापत. महिन्याला २६ रुपये मिळवणाऱ्याने तापाने एक दिवस अंथरूण धरले, तर दोन रुपये गेले. १९३६ च्या वेतन कायद्याने गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर कपात करायला बंदी घातली. दिवसाची किंमत दोन्ही बाजूंना सारखीच धरली पाहिजे, हे तेव्हा कुठे कायद्यात आले.

जादा तासाचा भाव त्याआधी ठरू लागला होता. १९२२ च्या कायद्याने दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची हद्द घालून त्यापुढच्या कामाला निदान सव्वापट दर दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात हद्द ९ आणि ४८ तासांची होती, दर दुप्पट होता. ही दुप्पट फक्त मूळ वेतनाची नव्हे, त्यात भत्तेही धरायचे. बोनस तेवढा बाहेर. कापडावर मजुरी घेणाऱ्या विणकरासाठीही वाट काढली: त्याच्या मागच्या महिन्यातल्या कामाच्या दिवसांची सरासरी कमाई, जादा कामाचे पैसे वगळून, तोच त्याचा दर.

भागायचे कितीने, हे मात्र या कायद्याने सांगितले नाही. ग्रॅच्युइटीच्या एका खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने २६ दिवसांचा महिना उचलून धरला, आणि १९८७ मध्ये तो भागाकार ग्रॅच्युइटीच्या कायद्यातच लिहिला गेला. जादा कामाच्या हिशेबात अजून काही ठिकाणी ३० ने भागतात. आपल्या पगारपत्रकात कितीने भागले आहे, हे हिशेबनिसाला एकदा जरूर विचारा.