ज्यांची नावे कोरली गेली नाहीत

पहिल्या महायुद्धाच्या सचित्र इतिहासग्रंथांत एक छायाचित्र वारंवार आढळते. ते एका हिंदी शिपायाचे आहे. १९१६ साली तुर्कांच्या हातून सुटून आलेला हा मनुष्य म्हणजे कातडीने झाकलेला निव्वळ हाडांचा सापळा आहे. बरगड्या एकेक करून मोजाव्यात, अशी त्याची अवस्था. छायाचित्राखाली एवढेच लिहिलेले असते की, हा कूतच्या वेढ्यातून वाचलेला हिंदी सैनिक आहे. त्याचे नाव दिलेले नाही, गावही दिलेले नाही. छायाचित्रकाराने ते विचारलेच नाही, की विचारूनही टिपून ठेवावेसे त्याला वाटले नाही, कोण जाणे! त्या काळच्या वर्दीतल्या इंग्रज अधिकाऱ्याचे छायाचित्र मात्र नावाशिवाय क्वचितच छापले गेले.

युद्धाच्या कारणांचा पाढा येथे पुन्हा वाचण्याचे प्रयोजन नाही. २८ जून १९१४ रोजी साराएव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्यांची पत्नी सोफी यांची हत्या झाली आणि अवघ्या सहा आठवड्यांत युरोपातील बहुतेक बडी राष्ट्रे एकमेकांवर तुटून पडली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. चार वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या, तेव्हा नव्वद लाख ते एक कोटी सैनिक मृत्युमुखी पडले होते. जखमींची संख्या दोन कोटींच्या घरात होती. उपासमार, रोगराई आणि हकालपट्टी यांना बळी पडलेले नागरिक वेगळेच.

एवढे मोठे आकडे वाचताना मन बधिर होते. म्हणून एकच दिवस डोळ्यांपुढे आणावा. १ जुलै १९१६ रोजी सकाळी साडेसात वाजता फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात इंग्रज सैनिक खंदकांतून बाहेर पडले. त्या एका दिवसात त्यांचे १९,२४० सैनिक ठार झाले. जखमी आणि बेपत्ता धरून हानीचा आकडा सत्तावन्न हजारांच्या वर गेला. ही लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली आणि एवढ्या रक्ताच्या मोबदल्यात आघाडी जेमतेम दहा-बारा किलोमीटर पुढे सरकली.

या युद्धाने मरणाचे स्वरूपच पालटले. पूर्वीच्या लढायांत बंदुकीच्या गोळीने वा तलवारीने मेलेल्याचे निदान शरीर तरी उरत असे. येथे तोफगोळ्यांनी माणसे चिंध्या होऊन उडाली, चिखलात गाडली गेली, आणि त्याच जागी पुन्हा गोळे पडून गाडलेली प्रेते वर आली. फ्रान्समधील व्हर्दून येथे १९१६ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत फ्रेंच आणि जर्मन एकमेकांशी झुंजले. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक तेथे मरण पावले. युद्ध संपल्यावर व्हर्दूनचे बिशप जिनिस्ती त्या उद्ध्वस्त डोंगरपठारावर फिरले. जिकडे तिकडे अस्थी विखुरल्या होत्या. त्यांतली कोणती फ्रेंच व कोणती जर्मन, हे सांगणे अशक्य होते. बिशपांनी देशोदेशी हिंडून निधी गोळा केला आणि दुओमाँ येथे अस्थिगृह उभारले. १९३२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १,३०,००० अनामिक सैनिकांच्या अस्थी तेथे एकत्र ठेवलेल्या आहेत. मागील बाजूच्या लहान खिडक्यांतून वाकून पाहिले की त्यांचे ढीग दिसतात. काल परस्परांचे वैरी असलेले आज कवटीला कवटी लावून पडले आहेत!

हे सारे घडत असताना ख्रिस्तसभेची धुरा वाहत होते पोप पंधरावे बेनेडिक्ट. युद्धाच्या आरंभीच, २० ऑगस्ट १९१४ रोजी पोप दहावे पायस निवर्तले. ३ सप्टेंबर रोजी जॅकोमो देल्ला किएसा यांची निवड झाली. अंगकाठीने किरकोळ, प्रकृतीने नाजूक अशा या मनुष्याच्या वाट्याला जो काळ आला, तसा फारच थोड्या पोपमहोदयांच्या वाट्याला आला असेल. दोन्ही बाजूंना कॅथलिक होते. दोन्ही बाजूंच्या सैन्यांत धर्मगुरू होते. एकाच प्रभूच्या वेदीपुढे दोन्हीकडे विजयाची याचना चालली होती. १९१४ च्या नाताळासाठी निदान तोफा थांबवा, ही पोपमहोदयांची विनंती राष्ट्रांनी मानली नाही. आघाडीवर काही ठिकाणी शिपायांनी आपल्या आपण शस्त्रे खाली ठेवली, ती गोष्ट निराळी. १ ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना शांततेचा सविस्तर मसुदा धाडला आणि या युद्धाला 'निरर्थक कत्तल' म्हटले. बळकावलेले प्रदेश परत करा, शस्त्रास्त्रे कमी करा, तंटे लवादाकडे न्या, असे त्यात होते. फ्रेंचांना हे पोप जर्मनधार्जिणे वाटले आणि जर्मनांना फ्रेंचांचे कैवारी! इटलीने तर १९१५ च्या गुप्त लंडन करारात एक कलम घालून तहाच्या वाटाघाटींतून पोपमहोदयांना दूर ठेवण्याची तजवीज आधीच करून ठेवली होती.

राजकारणात त्यांना यश आले नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यांनी केलेल्या दुसऱ्या एका कामाकडे इतिहासकारांचे लक्ष बराच काळ गेले नाही. व्हॅटिकनमध्ये त्यांनी युद्धकैद्यांसाठी एक कचेरी उघडली. जर्मनीत पाडरबोर्नचे बिशप या कामाला हातभार लावीत होते. कोणा आईचा मुलगा बेपत्ता असला की तिचे पत्र तेथे येई. मग एकेका नावाची चिठ्ठी बनवून ती छावण्या-छावण्यांतून फिरवली जाई. युद्ध संपेपर्यंत या कचेरीने सुमारे सहा लाख पत्रांचा व्यवहार हाताळला. त्यांत सुमारे १,७०,००० चौकशा बेपत्ता माणसांच्या होत्या. कैदी कोणत्या धर्माचा वा देशाचा, हे तेथे पाहिले जात नसे. १९२१ साली, पोपमहोदय हयात असतानाच, कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला. त्याच्या वर्गणीत मुसलमान आणि यहुदी यांचाही वाटा होता.

आपल्या घराघरांतील दोन प्रथा त्या काळाशी जोडलेल्या आहेत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. जपमाळेनंतर म्हटल्या जाणाऱ्या पवित्र मारियेच्या लितानीत 'शांतीची राणी' ही पदवी कायमची आली, ती १९१७ च्या मे महिन्यात, याच पोपमहोदयांच्या आज्ञेने. आणि २ नोव्हेंबर रोजी, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची जी मुभा आहे, ती त्यांनी १० ऑगस्ट १९१५ च्या फर्मानाने जगभरच्या ख्रिस्तसभेला दिली. रणांगणावर इतकी माणसे मरत होती की त्यांच्यासाठी एक मिस्सा पुरेशी नव्हती.

युद्धाची झळ मुंबईच्या ख्रिस्तसभेलाही लागली. येथील मिशन त्या वेळी जर्मन येशूसंघीयांच्या हाती होते. शाळा, महाविद्यालये, धर्मग्राम सारे त्यांनीच वाढवले होते. युद्ध पेटताच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कित्येकांना तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत डांबण्यात आले आणि पुढे 'गोलकोंडा' जहाजाने युरोपात परत धाडण्यात आले. आर्चबिशप हर्मन युर्गेन्स १९१६ मध्ये वारले. त्यांची जागा १९१९ पर्यंत रिकामीच राहिली.

आता त्या छायाचित्रातील शिपायाकडे वळू. कूत-अल-अमारा हे मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, तैग्रिस नदीच्या वळणावरचे गाव. तेथे ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांच्या वेढ्यात सापडलेल्या सैन्याचे नाव होते सहावी पूना डिव्हिजन. सेनापती टाउनशेंड हा इंग्रज. पण शिपायांत हिंदी लोकांचा भरणा मोठा होता. १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री व ११७ वी मराठा या आपल्या पलटणी त्यांत होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या मुलखांतील शेतकऱ्यांची ही मुले. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपले तेव्हा घोडे कापावे लागले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस खाण्यास नकार दिला. हिंदुस्थानातील धर्ममार्तंडांकडून परवानगी आणवण्यात आली, पण तोवर अनेकांची शरीरे पोखरली गेली होती. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचाही प्रयत्न झाला. त्यांतली काही नदीत पडली. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक मारले वा जायबंदी झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले.

सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतल्या काही अत्यवस्थ रुग्णांना अदलाबदलीत सोडण्यात आले. उरलेल्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेले आणि पुढे रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपले. इंग्रज शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत. हिंदी कैद्यांतही हजारो मेले. सेनापती टाउनशेंडसाहेब मात्र कॉन्स्टॅन्टिनोपलजवळच्या एका बेटावर, चांगल्या बंगल्यात, युद्ध संपण्याची वाट पाहत होते. याची त्यांना कधी खंत वाटल्याचे त्यांच्या पुढील वर्तनावरून तरी दिसत नाही.

मृतांच्या स्मारकांसाठी ब्रिटिश साम्राज्याने १९१७ साली युद्धसमाधी आयोग स्थापन केला. प्रत्येक मृताचे स्मरण नावाने व्हावे, त्यात हुद्दा, वंश आणि धर्म यांचा भेद नसावा, हे त्याचे तत्त्व. आयोगाच्या शब्दयोजनेचे काम मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगकडे होते. त्याचा एकुलता एक मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला आणि बापाच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. किपलिंगने मोठ्या दफनभूमींतील स्मृतिशिळांसाठी वचन निवडले, ते बेनसिराच्या ग्रंथातून, चव्वेचाळिसाव्या अध्यायातून: त्यांचे नाव चिरकाल राहील, अशा आशयाचे. त्याच अध्यायात, त्या वचनाच्या पाचच ओळी आधी, अशाही लोकांचा उल्लेख आहे की ज्यांची काहीही आठवण उरली नाही, जे जणू कधी जन्मालाच आले नव्हते. ती ओळ अर्थातच शिळेवर आली नाही.

युरोपात आयोगाने आपले तत्त्व पुष्कळसे पाळले. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ज्यांची कबर ठाऊक नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व मजुरांची नावे आहेत. बसऱ्याला मात्र निराळा न्याय लागला. मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचे स्मारक तेथे १९२९ मध्ये उभे राहिले. त्यावर इंग्रजांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. परंतु सामान्य हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली केवळ एक आकडा होऊन राहिला. अमुक पलटण, एवढे इतर शिपाई. मराठा पलटणींच्या वाट्यालाही हेच आले. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले.

आपल्याकडेही तेच आढळते. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत चावडीजवळ वा वेशीवर संगमरवरी पाटी दिसते. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. म्हणूनच हे गाव अपशिंगे मिलिटरी या नावाने ओळखले जाते. समुद्रावर मेलेल्यांचे नशीब त्या मानाने बरे म्हणायचे! मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात, ज्यांना सागराखेरीज कबर नाही, अशा दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचे स्मारक आहे, आणि तेथे नावे आहेत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा किमान ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे नावाने झालेच नाही वा मुळीच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. यामागे त्या काळचा वंशभेदाचा पूर्वग्रह होता, हेही अहवालाने कबूल केले. आयोगाने क्षमा मागितली. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही पार्लमेंटमध्ये क्षमा मागितली. क्षमा मागायला शतक लोटले होते. कूतहून घरी न परतलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आया तोवर केव्हाच निघून गेल्या होत्या, आणि त्यांच्या नातवंडांतल्या कित्येकांना आपल्या घरातून कोणी मेसोपोटेमियाला गेले होते, एवढेच ऐकून माहीत होते.